ॲसिडचं कपाट आणि एक पिशवी सरकी

ते कपाट मी भांडून आणलं. मोठेपणा म्हणून नाही सांगत. माझी खुर्ची मोडली तेव्हा मी वर्षभर स्टुलावर बसले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण कपाटासाठी साहेबांच्या केबिनबाहेर इतक्या वेळा उभी राहिले, की पुढं पुढं मला दारात बघितलं की ते आधीच नकाराची मान हलवायचे. मी म्हणायची, "सर, मी अजून बोललेच नाही." ते म्हणायचे, "तुमचा चेहरा बोलून राह्यला."

जालन्याच्या कडेला बियाण्याची एक छोटी कंपनी आहे, तिथं मी बियाण्याची उगवण तपासते. शेतकरी कंपनीसाठी जिथं बियाणं पिकवतात त्या सीड प्लॉटवरून कपाशीचं बी, म्हणजे सरकी, नमुना म्हणून आमच्याकडं येतं. रुई काढली तरी सरकीवर बारीक लव राहतेच, आणि ती काढायला लागतं ॲसिड. प्लॅस्टिकच्या मगात मूठभर सरकी घ्यायची, वरून बेतानं सल्फ्युरिक ओतायचं, काडीनं ढवळायचं. सगळी काळी राड झाली की भरपूर पाण्यात धुवायचं आणि चुन्याच्या निवळीतून काढायचं. बी निघतं काळंभोर, गुळगुळीत. इतकी वर्षं झाली, पण ते बी पाण्यातून वर आलं की मला अजून बरं वाटतं.

तर हे सल्फ्युरिक, शिवाय दुसऱ्या तपासण्यांना लागणारं हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक, हे सगळं आधी एका लोखंडी कपाटात असायचं. लोखंडी! त्याचा खालचा खण इतका गंजला होता की बोट लावलं तर पापुद्रे निघायचे. जागा पुरेना म्हणून काही बाटल्या खिडकीत, काही टेबलाखाली. माझ्या एकाही ओढणीला धड काठ राहिला नव्हता. मी अंबडहून रोज एसटीनं ये-जा करते. माझी आई धुणं वाळत घालताना ती भोकं बघायची आणि विचारायची, "तू नोकरीला जाती का उंदराच्या बिळात?"

साहेब हलले ते एका बाटलीमुळं. कुणीतरी उरलेलं ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून टेबलाखाली ठेवलं होतं. आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशी दुपारी तहानेनं आल्या, वाकल्या, बाटली उचलली आणि टोपण काढलं. वास आला म्हणून थांबल्या, नाहीतर मला पुढचं लिहवत नाही. त्या दिवशी मी केबिनबाहेर उभी राहिले नाही. सरळ आत गेले, ती बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "सर, ही मावशींनी तोंडाला लावायची बाकी होती." साहेबांनी बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "कुठं मिळतं ते कपाट?"

महिन्याभरात आलं. पांढरं, जाड प्लॅस्टिकचं, पुरुषभर उंच. गंजायचा प्रश्नच नाही. प्रत्येक खणात खोलगट ट्रे, म्हणजे बाटली फुटली तरी ॲसिड ट्रेतच राहावं. नायट्रिकसाठी वेगळा कप्पा. मागं एक गोल तोंड, तिथून पाइप भिंतीबाहेर न्यायचा आणि पंखा लावायचा, म्हणजे आतली वाफ बाहेर जाते. पुढं दोन दारं आणि फिरणारं, लागणारं, खरोखरचं कुलूप. मावशींनी दारावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मी ओढू दिली. माझंच मन भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

पाइपचं काम इलेक्ट्रिशियनकडं होतं. तो फोनवर रोज सांगायचा, "बिलकुल उद्या येतो, म्याडम." त्याचा तो उद्या काही उजाडेना.

आता गंमत अशी, की आमच्या त्या दोन खोल्यांत धड कुलूप लागणारी वस्तू एवढी एकच. आणि उंदीर तर घरच्यासारखे. बियाण्याच्या लॅबमध्ये उंदरांना सुट्टीच नसते. झालं, कपाट आल्यापासून ज्याला त्याला त्यात काहीतरी ठेवायचं सुचायला लागलं. साहेब म्हणाले, "दोन फायली ठेवतो, महत्त्वाच्या आहेत." मी नाही म्हटलं. मावशींनी तर न विचारताच आपला जेवणाचा डबा खालच्या ट्रेमध्ये ठेवून दिला. मी तो काढला आणि चारचौघांत त्यांना बोलले, "परत इथं दिसला तर नालीत ओतीन." मग स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहून दारावर चिकटवलं: या कपाटात ॲसिडशिवाय काहीही ठेवू नये. काहीही म्हणजे काहीही. मावशींना वाचता येतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगते आहे, कारण तो नियम मोडला तो मी.

हिवाळ्यात नमुन्यांची गर्दी असते. एक दिवस कंपनीचा माणूस नमुने घेऊन आला, तर त्याच्यामागून एक बाई आत आली. पिंपळगाव रेणुकाईची. नमुना सील करून झाला होता, कंपनीच्या गाडीतून तो आपोआप येणार होता, पण ही वेगळी निघाली आणि जीप, मग एसटी असं करत त्याच्या मागोमाग पोचली. पिशवी रॅकवर ठेवलेली तिला बघायची होती. माझ्याच वयाची असेल. उजव्या अंगठ्याचं नख चांगलं वाढवलेलं, त्याची कड काळी पडलेली. ते नख बघून मला कळलं की प्लॉटवर मजूर नाही, ही स्वतः राबली आहे. कपाशीचं क्रॉसिंग, म्हणजे संकर, असाच होतो. दुपारी एकेका कळीचं साल नखानं सोलायचं, आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे, कळीला दोरा बांधायचा. सकाळी नर वाणाच्या झाडाचं फूल आणून त्यावर फिरवायचं. एकेक कळी, दोन-दोन महिने.

ती म्हणाली, "ताई, तुमच्या इथं उंदरं लई हायेत म्हणे."

"कोण म्हटलं?"

"समदे म्हणतेत. मंग माझी पिशवी जरा बघा. आवंदा पहिल्यांदा मी एकटीनं केलाय प्लॉट. मालक तिकडं सळईच्या कारखान्यात असतेत. दीर म्हणले, बाईमाणसाला जमायचं न्हाई, कंपनीनं उगं दिलाय. हे पास झालं तर पुढच्या साली प्लॉट माझ्या नावावर. न्हाई झालं तर दिराकडं जातोय परत."

"पास होईल," मी म्हटलं. असं बोलायचं नसतं आम्ही. पण तिचं ते नख बघितलं आणि तोंडातून गेलं.

दोन दिवसांनी सकाळी आले तर रॅकवरच्या दोन पिशव्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. सरकी फरशीभर. तिची पिशवी शेजारीच होती, तिला दात लागले नव्हते. तिच्या तपासणीचा नंबर अजून लांब होता. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग पर्समधून किल्ली काढली आणि ती पिशवी ॲसिडच्या कपाटात, वरच्या खणात ठेवून दिली. दारावरची चिठ्ठी माझ्या नाकासमोर होती. मी स्वतःला म्हटलं, चारच दिवस. आणि काय सांगू, दार लावताना मला फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

चार दिवसांचे सोळा झाले.

नंबर आला तेव्हा पिशवी काढली. सीलची तार तांबूस झाली होती. मला वाटलं, दमट हवा. सरकी ॲसिडमधून काढली, धुतली, शंभर बिया मोजून ओल्या कागदात मांडल्या, गुंडाळी केली आणि जर्मिनेटरमध्ये, म्हणजे आमच्या उबदार पेटीत, उभी केली. चौथ्या दिवशी बघितलं तर नुसतेच काळे ठिपके. म्हटलं, असतं एखादं बी आळशी. बाराव्या दिवशी शेवटची मोजणी केली. शंभरातले एकोणीस उगवले होते. बाकीचे मऊ पडलेले, बोटानं दाबलं तर फुटणारे.

मी तिच्या लॉटपुढं "नापास" लिहिलं. नापास लॉटची यादी साहेबांकडं गेली, कंपनीच्या माणसानं ती गावागावांत कळवलीही. येत्या गुरुवारी गोडाउनमधल्या त्या लॉटच्या सगळ्या गोण्या तेलाच्या घाण्याला जाणार होत्या. एकदा सरकीचं तेल निघालं की संपलं, मग कोण बरोबर आणि कोण चूक हे सांगायला बी उरत नाही.

मंगळवारी दुपारी टेबल आवरताना तिची रिकामी पिशवी हाताला लागली. घडी घालायला गेले तर कापड बोटांत विरलं. मांजरपाटाची नवी कोरी पिशवी, आणि शिळ्या पापडासारखी तुकडे तुकडे झाली. मी ती उजेडात धरली. कड पिवळी पडली होती. उंदीर नाही, पाणी नाही. मग मी उठले आणि कपाट उघडलं. वरच्या खणात हायड्रोक्लोरिकची बाटली, तिचं टोपण अर्ध्या फेऱ्यानं सैल. मागचं पाइपचं तोंड तसंच बंद, कारण इलेक्ट्रिशियनचा उद्या अजून यायचा होता. सोळा दिवस ती वाफ आतल्या आत फिरली होती आणि मी तिच्या तोंडाशी एका बाईची दोन महिन्यांची मेहनत ठेवली होती, उंदरांपासून सांभाळून.

मी स्टुलावर बसले. पहिल्यांदा काय मनात आलं ते सांगते, कारण ते लपवलं तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, कुणाला कळणार आहे? दर वर्षी लॉट नापास होतात. आणि मी कबूल केलं तर साहेब कपाटच परत पाठवतील, बाटल्या परत टेबलाखाली, मावशी परत तहानेनं वाकणार. म्हणजे गप्प बसण्यातच सगळ्यांचं भलं! स्वतःची कातडी वाचवताना माणूस किती दूरचा विचार करतो बघा.

मावशी फरशी पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "म्याडम, ती पिंपळगावच्या बाईची पिशवी तुम्ही त्या कपाटात ठेवल्ती ना?"

"तुम्ही तुमचं काम करा."

"करूनच राह्यले." फडकं पिळून त्यांनी बादलीत सोडलं. "माझा डबा निघाला तव्हा मला लई राग आल्ता. पण मंग म्हटलं, बराबर हाय त्यांचं, त्या माझ्यासाठीच भांडल्या. तुम्ही भांडता म्हणून आम्ही ऐकतो, म्याडम."

याच्यापेक्षा त्यांनी मला बादलीतलं पाणी फेकून मारलं असतं तर बरं. मी ती फाटकी पिशवी उचलली आणि केबिनमध्ये गेले.

"सर, पिंपळगावचा तो लॉट नापास नाही. नापास मी आहे."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोटं मोजल्यासारखं विचारलं, "कपाट कुणी मागितलं?"

"मी."

"चिठ्ठी कुणी लावली?"

"मी."

"आणि बी कुणी ठेवलं?"

"मीच, सर."

"मंग काय करू? कपाट परत पाठवू?"

आता मी गुन्हेगार, मान खाली घालून उभी राहायला हवी होती. पण माझा स्वभाव आडवा आला. "कपाटाचा काय संबंध? कपाटानं त्याचं काम केलं. पाइप असता तर वाफ बाहेर गेली असती, टोपण मी घट्ट लावलं असतं तर वाफ झालीच नसती, आणि बी तर तिथं असायलाच नको होतं. मला काय बोलायचं ते बोला, पण कपाट जाणार नाही. आणि तो पाइप आजच्या आज लागला पाहिजे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चूक तुमची आणि दम मला?"

"हो सर," मी म्हटलं, आणि तिथंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या गोण्या थांबवा. एवढंच करा. गोण्यांतून ताजा नमुना काढू. आणि त्या पिशवीतली, मी मगात काढून ठेवलेली, उरलेली सरकीही शेजारी लावू, म्हणजे तुम्हाला माझ्या शब्दावर जायला नको."

साहेबांनी गोडाउनला फोन लावला. मला लेखी खुलासा द्यायला लावला तो वेगळा, तो माझ्या फायलीत आहे, असू दे. पण गोण्या थांबल्या. आणि इलेक्ट्रिशियनला त्यांनी फोनवर असं काही ऐकवलं की त्याचा उद्या त्याच संध्याकाळी उजाडला.

त्या बाईला फोन मी स्वतः केला. नापास, कपाट, वाफ, माझी चूक, सगळं एका दमात सांगून टाकलं.

मग ती म्हणाली, "उंदरांपासून वाचवाया ठेवल्ती?"

"हो."

"मीच म्हणल्ते तुम्हाला, बघा म्हणून." नंतर तिचा आवाज चढला, "पण ताई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या! मला दिरानं काल दारात उभं राहून ऐकवलं, सगळ्या गल्लीपुढं! मी रात्रभर म्हणून राह्यले, माझं नख कुठं चुकलं, कोणती कळी चुकली!"

ती बोलली ते सगळं मी ऐकलं, कारण ते माझंच होतं.

शेवटी म्हणाली, "आता परत बघताना माझ्यापुढं बघा."

नवा नमुना मी स्वतः उभी राहून गोण्यांतून काढून घेतला, तिसऱ्या गोणीतून, सातवीतून, तळातून. जुनी सरकी एका बाजूला, नवी दुसऱ्या बाजूला, दोन्ही गुंडाळ्यांवर खूण. बारा दिवस. त्या बारा दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. समजा, गोण्यांतलं बीही कच्चं निघालं तर? मग माझी कबुली म्हणजे त्या बाईला उगाच दाखवलेली आशा. आईनं एकदा ताट पुढं सरकवून विचारलं, "काय झालंय तुला?" मी म्हटलं, "बी उगवायचंय." ती म्हणाली, "मंग उगवू दे की, तू कशाला उपाशी राहती?"

बाराव्या दिवशी ती सकाळीच आली. रेणुकाईच्या देवळातला प्रसाद आणला होता. पुडी टेबलावर ठेवत म्हणाली, "हे कपाटात ठेवू नका म्हणजे झालं." मावशींना हसू आवरेना. मला हसावं का रडावं कळेना.

आधी जुनी गुंडाळी उलगडली. शंभरातले चौदा. त्या मऊ बियांवरून तिनं बोट फिरवलं. मग नवी गुंडाळी घेतली. कागद ओला आणि जड लागत होता. मुळांचं वजन वेगळंच कळतं हाताला. पहिली घडी उघडली, तर पांढरी मुळं आणि पिवळट हिरवी पानं, एकमेकांत गुंतून, कागदाबाहेर डोकं काढून. मी मोजायला चिमटा उचलला तर ती म्हणाली, "मी मोजते." तिनं त्या नखानं एकेक रोप बाजूला केलं, कळ्या सोलाव्यात तशा अलगद हातानं. साहेब दारात येऊन उभे राहिले होते. सत्तर झाले, पंचाहत्तर झाले. पासचा आकडा मागं पडला तरी ती थांबली नाही. चौऱ्याऐंशीवर कागद संपला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. पास."

ती खाली फरशीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मावशींनी तिला पाणी दिलं, नव्या स्टीलच्या तांब्यातून. पाण्याच्या बाटल्या आमच्याकडं आता बंद आहेत. साहेबांनी तिच्यासमोरच यादीतलं नाव खोडून पासच्या यादीत लिहिलं. मी म्हटलं, "सर, एक प्रत यांच्या हातात द्या. दिराला दाखवायला." साहेबांनी दिली.

ती गेल्यावर मी स्केचपेन काढलं आणि दारावरच्या चिठ्ठीत आणखी एक ओळ लिहिली: मीसुद्धा. नवीन मुली कामाला लागल्या की विचारतात, मॅडम, हे मीसुद्धा म्हणजे काय? मी त्यांना सगळं सांगते. लाज वाटते, पण सांगते. बाटलीचं टोपण कसं लावायचं, पंख्याचा आवाज आधी ऐकून मगच दार कसं उघडायचं, हे त्यांच्या मग बरोबर लक्षात राहतं.

यंदा हिवाळ्यात ती पुन्हा आली. हातात पत्र्याचा डबा, झाकण घट्ट बसणारा, फराळाचा असतो तसला. म्हणाली, "घ्या. उंदराचा दात लागायचा न्हाई." आत सील केलेली पिशवी होती. टॅगवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी पहिल्या वर्षी तिच्या मालकांचं नाव होतं. या वेळी तिचं स्वतःचं, तिच्याच हातानं लिहिलेलं, अक्षर थोडं वर चढत गेलेलं.

मी विचारलं, "कुठं ठेवू?" खरंच विचारलं, कारण तिच्या पिशवीची जागा ठरवायचा हक्क मी गमावला आहे असंच मला वाटत होतं.

तिनं खोलीभर नजर फिरवली. रॅक बघितलं, कपाट बघितलं, दारावरची चिठ्ठी ओठ हलवत शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. मग माझ्या टेबलावरची वही बाजूला सारली आणि डबा बरोबर माझ्यासमोर ठेवला.

"हितं," ती म्हणाली. "तुमच्याजवळ."